चेतापुरवठा आणि लाल फुली

चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेल्या माणसाला शरीर समजायला डॉक्टर कशाला लागतो? उलट डॉक्टरांनीच दोन वर्षं आमच्या हाताखाली काढावीत, असं माझं ठाम मत होतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दहापर्यंत होतं.

मी डावखुरा. डावी करंगळी बधिर झाली, शेजारच्या बोटाची निम्मी बाजूही गेली आणि पेन हातातून सुटायला लागलं. तुम्ही म्हणाल, एवढंच ना! पण मी अक्षरं शिकलो बासष्टाव्या वर्षी, सूनबाईपुढे पाटी घेऊन बसून. तोवर जन्मभर कागदावर अंगठाच उठवत आलो होतो. पहिली सही जमली त्या दिवशी घरात सगळ्यांदेखत सांगितलं, "आता मेलो तरी अंगठा देणार नाही!" आणि चार वर्षांत पेनच धरवेना. ऑपरेशन फसलं तर पुन्हा शाईचा डबा!

तपासणीचा कागद मी स्वतः वाचला, बोट ठेवून. सगळा वाचला आणि एका शब्दावर अडलो.

"सूनबाई, हे चेतापुरवठा काय प्रकरण आहे?"

"बाबा, मेंदूकडून मानेतून हातात बारीक चेतातंतू येतात. त्यांच्यामुळे बोटाला कळतं, बोट हलतं. तुमचा एक तंतू कोपरापाशी दबलाय."

"म्हणजे जॉइंटला वायर चेपली आणि पुढचे दीड पॉइंट बंद!"

"अगदी बरोबर!" ती हसली. "आणि गंमत म्हणजे डावा हात चालतो तो मेंदूच्या उजव्या बाजूवर."

हे शेवटचं वाक्य तिने सांगायला नको होतं.

भरती झालो. संमतीच्या कागदावर डाव्या हाताने पाव तास खपून सही केली. वेलांटी छपराबाहेर गेली, पण सही ती सही! सकाळी तरुण डॉक्टर आले, माझ्या डाव्या कोपरावर निळा बाण काढला आणि घाईघाईने निघून गेले.

मी बाणाकडे बघतच राहिलो. आमच्या धंद्यात खूण करतात ती चालू लाइनवर. लाल फुली दिसली की मागे सरायचं, हात लावला की संपलं! बिनखुणेच्या लाइनवर बिनधास्त काम करायचं. आणि या भल्या माणसाने नेमक्या बंद हातावर खूण केलेली!

"ही चूक सांगावी का?" मी आमच्या हिला विचारलं.

"गप्प पडा. त्यांना कळतं."

"अगं, लहान वय आहे. चारचौघांत सांगितलं तर अब्रू जाईल पोराची."

ही चहा आणायला गेली. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि बाण पुसला. मग खिशातल्या लाल पेनाने उजव्या, धडधाकट कोपरावर ठसठशीत फुली मारली. डाव्या हाताने मारली, म्हणून जरा वाकडी आली. पण आता कुणाची बिशाद होती माझ्या चांगल्या हाताला हात लावायची!

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात सिस्टरने विचारलं, "आजोबा, कोणता हात?"

"खूण बघा की! सगळं चोख केलंय!"

तिने खूण बघितली. मान डोलावली. मला आत घेतलं.

आत थंडी अशी की दात वाजायला लागले. भूल देणाऱ्या बाईंनी उजव्या काखेत सुई टोचली. उजव्या! मी तोंड उघडलं, तेवढ्यात सूनबाईचं वाक्य आठवलं. डावीकडचं उजवीकडून चालतं. जिन्यातल्या दिव्यासारखं! बटण खाली, दिवा वर. मी तोंड मिटलं. उगाच अडाण्यासारखं कशाला विचारायचं?

उजवा हात जड झाला. मग तो माझा राहिलाच नाही. कुणीतरी ओला टॉवेल शेजारी ठेवून गेलंय असं वाटायला लागलं. मी हळूच डावा अंगठा हलवला. हलला! जिन्यातला दिवा काही विझला नव्हता!

एवढ्यात डॉक्टर आले. उजव्या कोपराला तपकिरी औषध फासलं. ट्रेमध्ये काहीतरी खणखणलं.

"डॉक्टर, थांबा! हा चालू हात आहे!"

"चालू कुठला? बधिर केलाय तो."

"तुम्ही केलाय! मघापर्यंत चालू होता!"

उशाशी ठोके मोजणारं यंत्र टुकटुक करत होतं, आणि तेही माझ्या छातीबरोबर धावायला लागलं. डॉक्टरांनी कागद बघितला, माझा डावा हात बघितला, मग लाल फुली.

"ही कुणी मारली?"

"मी."

"आणि माझा बाण?"

"पुसला. तुमची अब्रू..."

डॉक्टर स्टुलावर बसले. मग उठले, आणि माझ्या विनवणीवरून डावा हातही बधिर करून त्याचं ऑपरेशन त्यांनी केलं. उत्तम केलं. चेपलेली वायर मोकळी झाली!

दुपारी खाटेवर पडलो होतो. डावा हात बँडेजमध्ये, उजवा चादरीवर, दोन्ही परक्याचे. आमची ही चमच्याने भात भरवत होती आणि प्रत्येक घासाला एकेक वाक्य ऐकवत होती. सिस्टर कागद घेऊन आली.

"आजोबा, डॉक्टरांना लेखी हवंय. 'खूण मी स्वतःच्या हाताने पुसली.' खाली सही लागेल."

"हात जागे झाले की करतो. संध्याकाळपर्यंत थांबा."

"माझी ड्यूटी आत्ता संपतेय. अंगठा चालेल."

"अंगठा?" मी छताकडे बघून गरजलो. "सिस्टर, माझी शपथ आहे! मेलो तरी कुणाला अंगठा घेऊ देणार नाही!"

मान वळवून बघितलं. सिस्टर कागदावर फुंकर घालत होती, आणि ही ओल्या रुमालाने माझ्या उजव्या अंगठ्याची शाई पुसत होती.

आता चेतापुरवठा म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.