ही आणि मी

नारायण पेठेतले आमचे घरमालक दातारकाका रोज सकाळी संगणक दोनदा सुरू करतात. पहिल्यांदा सुरू करून लगेच बंद. मग पुन्हा सुरू, मग वर्तमानपत्र. कारण विचारलं तर म्हणतात, "घरात न सांगता माणूस बाहेर पडतो का?"

मी अंबाजोगाईकडचा, घरातला पहिला पदवीधर. काकांनी मला खोली दिली आणि न मागता भाषाही दिली. "काका, नळाला पाणी हाय का?" असं पहिल्याच दिवशी विचारलं, तर म्हणाले, "पाणी आहे. मराठी गेलेली आहे." मुलाखतीच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी तासभर समोर बसवून माझ्याकडून उत्तरं घोकून घेतली. आज संगणकाच्या कंपनीत आहे, त्यात तो तास आहे.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. "दोन कोठारांच्या मधे भिंत" हा तिथला नियम त्यांनी घरी आणला. त्यांच्या डब्यात पोळी आणि लोणच्याच्या मधेही वाटी उभी असते.

संगणक मुळात काकूंचा. त्या अचानक गेल्या. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. दुकानदार म्हणाला, "सगळं पुसून नवीन टाकू." काका म्हणाले, "आधी तुमचं दुकान पुसा," आणि संगणक उचलून घरी आले. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने पुस्तक आणून डिस्कचे दोन भाग केले. काकूंच्या विंडोजला धक्का न लावता शेजारी आपल्यासाठी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवली. मधे भिंत.

तेव्हापासून संगणक लावला की पडद्यावर दोनच ओळी येतात. वर इंग्रजी अक्षरांत एच-आय, खाली एम-आय.

"हा हाय म्हणतो होय?" मी विचारलं होतं.

"हाय नव्हे. ही. आमची ही. आणि खाली मी."

ओळ निवडायला दहा सेकंदांची मुदत असते. ती काकांनी काढून टाकलीय. "घाई कुणाला आहे?" रोज आधी 'ही' निवडायची. काकूंचं नाव आणि पासवर्डची चौकट आली की एक शब्द टाकून बघायचा. चुकला की वहीत लिहून ठेवायचा आणि बंद.

गेल्या महिन्यात डिस्क कटकट वाजू लागली.

"काका, ही फार दिवस टिकणार नाही. आधी तुमचा भाग काढून घेऊ. तुमची सगळी कागदपत्रं त्यात आहेत."

"आधी ही."

"पण कागदपत्रं?"

"मला पाठ आहेत."

रविवारी सकाळी नव्या डिस्कवर नक्कल लावली. पंखा गरगरत होता. मी हळूच म्हणालो, "काका, कुलूप मी उघडून देतो. पाच मिनिटांचं काम."

"तिनं लावलंय. तिच्या कोठारात परवानगीशिवाय जायचं नाही."

वेळ जाईना म्हणून मी वही चाळली. मुलीचं नाव, कुलदैवत, माहेरचं गाव, मेलेलं मांजर, 'साबुदाणा'सुद्धा. पानंच्या पानं.

"यात तुमचं नाव नाही."

"लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. नंतर तिनं कधी घेतलं नाही."

"म्हणूनच. टाकून बघा की."

काकांनी वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली. "आणि तेही चुकलं तर?"



दुपारी नक्कल संपली. जुन्या डिस्कने शेवटी दोनदा कटकट केली आणि ती गप्प झाली. मी नवी बसवली. दोन ओळी आल्या. वरची निवडली. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. काका उठून खिडकीपाशी गेले, माझ्याकडे पाठ करून.

"ही आहे ना?"

मी पडद्याकडे वाकलो. मग चौकट उगवली, चौकटीवर काकूंचं नाव.

"हाय, काका!" मी ओरडलो. "हाय!"

लगेच जीभ चावली. काका खिडकीबाहेरच बघत होते.

"हाय," ते म्हणाले.