एकुलती धाव

बेसबॉलमध्ये आलेल्या धावेला सामना संपेपर्यंत बाकावर बसून राहावं लागतं. मध्येच उठून गेली तर पंच ती धरत नाहीत.

इचलकरंजीच्या आमच्या व्यावसायिक संघाला सांगलीविरुद्ध तिसऱ्या डावात एक धाव मिळाली. धाव म्हणजे पन्नाशीच्या बाई, हातात कापडी पिशवी. बाकावर टेकल्या आणि विचारलं, "बाकीच्या कुठायत?"

"मागनं येत्यात," मॅनेजर नेजकर म्हणाले. मागनं कोणी आलं नाही.

सांगलीचा बाक तर साफ रिकामा होता. कारण आमचा पिचर भूपाल चौगुले. वय अडतीस, खांदा दुखरा. हा सामना हरला तर संघ त्याला घरी बसवणार, हे त्याला तोंडावर सांगितलेलं. त्याचा चेंडू छातीच्या उंचीनं निघे आणि बॅटरपुढं आला की गुडघ्याखाली जाई. बॅट नुसती वारा घाली.

सातव्या डावात बाईंनी पिशवी उचलली. "कंटाळा आला बाई. एसटी चुकंल."

नेजकर धावत प्रेक्षकांत माझ्याकडं आले. "शेठ, तेवढं बसवा."

माझं कापडाचं दुकान. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं गादीवर बसून शिकलो. चुलते सांगायचे, चहा प्यालेलं गिऱ्हाईक उठतं. पदर हातात दिलेलं उठत नाही. एकदा एका पाटलीणबाईंना असं बसवलं, की घरून नवरा शोधत आला आणि तोही बसला.

मी दुकानातून गठ्ठा आणवला, बाकापुढं साडी उलगडली आणि पदर बाईंच्या हातात दिला.

"रंग जाईल का?"

"गेला तर भांडायला या. दुकान तिथंच आहे."

"हाच काठ हिरव्यात?"

हिरव्यात दाखवला. मग जांभळ्यात. आठवा डाव असा सरला. नवव्यात सांगलीचे दोघं बाद झाले, एकच उरला, आणि माझा गठ्ठा संपला. बाईंनी पदर खाली ठेवला.

भूपालनं ते पाहिलं. पंचांची परवानगी काढून तो बाकापाशी आला.

"जरा बिगीबिगी टाक की रे," बाई म्हणाल्या.

"बिगीबिगी टाकला की मारत्यात, मावशी."

"मग मी काय करू?"

"बसा."

विनवणी नाही, काही नाही. बाईंनी त्याच्या लोंबत्या हाताकडं पाहिलं आणि पिशवी मांडीवर घेतली.

तो सावकाश परत गेला. घाम पुसला. पहिला स्ट्राइक; असे तीन झाले की बॅटर बाद. दुसरा. तिसऱ्याला बॅटर इतका जोरात फिरला, की स्वतःच खाली बसला.

पंच बाकाशी आले, बाईंना नीट निरखून म्हणाले, "इचलकरंजी एक, बसलेली. सांगली शून्य." मग बाईंना जायची मोकळीक दिली. नेजकरांनी भूपालला मिठी मारली, तसा तो खांद्यानं कळवळला.

बाई फाटकाकडं निघाल्या. भूपालनं हाक मारली, "मावशी, पुढच्या रविवारी?"

"माझं काय खरं नाही बाबा. नाही आले तर?"

"नका येऊ," भूपाल खांद्यावर बर्फ दाबत म्हणाला. "मी त्यांचीबी येऊ देत न्हाई."