छातीवरचा तांब्या

जुनी गाडी घ्यायची तर माणूस तिची चाकं बघतो, इंजिन बघतो, फार तर हॉर्न वाजवून बघतो. आमचे ज्ञानोबातात्या आधी तिच्यात झोपायचे.

झोपायचे म्हणजे अगदी आडवे व्हायचे. मागच्या उघड्या हौद्यात घोंगडी अंथरायची, उताणं निजायचं, छातीवर काठोकाठ भरलेला पितळी तांब्या ठेवायचा आणि आभाळाकडं बघत गाडीवाल्याला सांगायचं, "हां, काढा आता. डांबरी नगं, खडीवरनं घ्या." परत आल्यावर तांब्यात किती पाणी उरलं आणि तात्यांच्या सदऱ्यात किती गेलं, यावर गाडीचा निकाल. भूम, बार्शी, नळदुर्ग धरून तीन वर्षांत ते अशा अकरा गाड्यांत झोपले. एकही पसंत पडली नाही.

आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लावून. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच सुमारास मी बी.ए. होऊन गावी आलो होतो. गावातला पहिला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणाला सही येत नव्हती, हे सांगायला मी लाजत नाही. पुढं दोघांना बसायला जागा आणि मागं उघडा हौदा, अशा छोट्या मालमोटारीला पिकप म्हणतात, हेही गावाला मीच सांगितलं. म्हणून तात्या मला बरोबर न्यायचे. "इंग्रजी कागद तू वाच. चाल म्या बघतो." कागद पाच मिनिटांत वाचून व्हायचे. उरलेला वेळ मी हौद्यात उकिडवा बसून तांब्यावर नजर ठेवायचो. या कामाला बी.ए. लागत नाही हे मला कळत होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला सांगणार कोण?

तात्या मूळचे बैलपारखी. बाजारात त्यांनी एखाद्या जनावराच्या पाठीवरून हात फिरवला की चार गिऱ्हाइकं आपोआप जवळ यायची. बाजारातली सगळी रीत त्यांनी मोटारीला लावली. गाडीवाला रंग दाखवायला लागला की म्हणायचे, "तोंड नगं, चाल दाखवा." मग विचारायचे, "हिची खोड काय?"

भूमच्या एका गाडीवाल्यानं हसून सांगितलं, "तात्या, मोटारीला खोड नसते."

"मग इकतूस कशापायी?"

 तात्या घोंगडी झटकून खाली उतरले. सदरा पार भिजला होता.

गावात बोलवा होती की तात्यांना शेंगांचा व्यापार करायचाय. खरं काय ते आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होतं. सरूकाकू, म्हणजे तात्यांची बायको, कडब्याच्या गंजीवरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. वैदूनं बांधलं ते वाकडंच जुळलं, आणि काकू त्यानंतर उठून बसल्या नाहीत. अंथरुणाला खिळून चार वर्षं झाली तेव्हा त्या माझ्या आईला एकदा म्हणाल्या, "जल्मभर चैताला येडाईच्या रानात चुनखडीचे पाच खडे येचले. एकडाव अजून येचावं वाटतंय." येरमाळ्याच्या देवीची ती रीत. चैत्री पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते, आणि लोक रानातून पाच खडे वेचून ढिगावर टाकतात. गावापासून येरमाळा चार कोस. त्या वर्षी काकूंना बैलगाडीत घालून पाहिलं. वेशीपर्यंतच गेली गाडी. त्यांचं ओरडणं ऐकून तात्यांनी बैल माघारी वळवले. पुढच्याच बाजारापासून ते पिकप बघायला लागले.

आता एक गोष्ट सांगतो, ती आमच्याकडच्या घरांतली आहे. थोरली आई, म्हणजे तात्यांची आई, जिवंत, भावजया, सुना, असं भरलेलं घर. अशा घरात पुरुष बायकोच्या अंथरुणाशी जाऊन बसत नाही. काकूंचं सगळं बायका करायच्या. तात्या सकाळ-संध्याकाळ दाराशी उभे राहायचे आणि कोपऱ्यातल्या कणगीकडं बघून विचारायचे, "औषिद घेतलं का?" आतून कुणीतरी "व्हय" म्हणायचं. तात्या निघून जायचे. मला तेव्हा हा माणूस कोरडा वाटायचा. मी शिकलेला होतो, मला पुष्कळ गोष्टी तशा वाटायच्या.

बारावी गाडी नळदुर्गच्या खाजाभाईंची. पन्नाशीचा, दाढी पिकलेला माणूस. तात्या हौद्यात आडवे झालेले बघून तो म्हणाला, "कायकू सोते जी? बिमार है क्या?"

"पोत्यांसाठी बघतोय," तात्या म्हणाले. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण त्या दिवशी तांब्यातलं पाणी ओंजळभरच सांडलं. तात्या उठून बसले आणि कितीतरी वेळ तांब्यातच बघत राहिले. व्यवहार नंतर ठरवू म्हणून आम्ही एस्टीनं परतलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी चालीची बैलजोडी विकली. चैत्री पुनवेला बारा दिवस राहिले होते.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून तात्या आईला सांगत होते, "वैनी, उताणं निजलो तर पोटातलं पाणी हाललं न्हाय बगा."

आई ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "तात्या, सरू उताणी कवा निजती? सात वर्सं झाली, डाव्या कुशीशिवाय निजताच येत न्हाय तिला."

 तात्यांचं पागोटं डोक्यावर नीट होतं, ते त्यांनी काढून परत घातलं.

सकाळी पहिल्या एस्टीनं आम्ही पुन्हा नळदुर्गला. तात्या डाव्या कुशीवर निजले. आता तांब्या ठेवायचा कुठं? खांद्यावर राहीना, कमरेवर राहीना. मी दोनदा ठेवून बघितला. शेवटी त्यांनी तो माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे. या बारीला हाडालाच इचारतो."

गाडी खडीवरून गेली आणि आली. तात्यांना उठवेना. ओठ दाताखाली धरलेला. कुशीवर निजलं की सगळा दणका खुब्यात जातो, हे त्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं.

खाजाभाई खाली उतरून त्यांच्याजवळ आला. हसला नाही. "पोते नहीं, तात्या. घरवाली है ना?"

तात्यांनी मान डोलावली.

"फिर खाली गाडी में कायकू सोते? खाली गाडी तो उछलतीच. रेती के आठ पोते डालो. चाक के ऊपर के कमानपाटे दबते, फिर गाडी झूले सरीखी चलती. कौनसी भी गाडी चलती."

बैलाची चाल रिकाम्या गाडीला जुंपून बघतात. तात्यांनी मोटारीची चालही तशीच बघितली होती. ते म्हणाले, "म्हंजी भूमची पहिली गाडी बी चालली असती."

 मी बोटांवर मोजलं. त्या गाडीनंतर दोन चैत्र होऊन गेले होते.

मग तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून खाजाभाईच्या हातावर टाकलं. बैलबाजारात भाव असाच होतो, कापडाखाली बोटं धरून, तोंडानं न बोलता. मोटारवाल्याला हे कळायचं नाही असं मला वाटलं. पण त्याचा बाप बैलांचाच व्यापारी निघाला. मला दिसलं ते इतकंच, की उपरण्याखाली हात हलले आणि तात्या दचकले. परतीच्या वाटेवर म्हणाले, "म्या धरलेल्या बोटांतलीच दोन त्यानं मिटवली रं. भाव त्यानंच उतरवला."

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी खाजाभाई स्वतः गाडी घेऊन आला. हौद्यात वाळूची आठ पोती, त्यावर कडबा, त्यावर गादी. चौघांनी काकूंना उचलून डाव्या कुशीवर ठेवलं. गाडीचा मालक म्हणून तात्यांची जागा पुढं, ड्रायव्हरशेजारी. गावानं ती मोकळी ठेवली होती. तात्या मागं चढले. थोरली आई ओट्यावर, भावजया दारात, पारावर सगळे पुरुष, आणि या सगळ्यांदेखत तात्या काकूंच्या समोर उजव्या कुशीवर आडवे झाले. थोरल्या आईनं तोंड फिरवलं. हसलं कुणीच नाही. मी पायथ्याशी बसलो होतो.

वेस ओलांडली. काकू ओरडल्या नाहीत. थोड्या वेळानं बारीक आवाजात म्हणाल्या, "तांब्या आनला न्हाई व्हय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"साऱ्या गावाला ठावं हाय." आणि त्या हसल्या. भिंतीला भिंत असून ते हसू मी सात वर्षांत ऐकलं नव्हतं.

रानाच्या कडेला गाडी लावली. काकूंना उतरवणं शक्य नव्हतं. तात्या गर्दीत शिरले आणि पाच खडे वेचून त्यांच्या तळहातावर आणून ठेवले. काकूंनी एकेक खडा डोळ्यांजवळ धरून बघितला. "ह्यो नगं. ढेकूळ हाय मातीचं. आन ह्यो पिवळा हाय. नीट बगून आना की."

अकरा गाड्या नापसंत केलेला माणूस निमूटपणे परत रानात गेला. तीन खेपा झाल्या. मग काकूंनी पाचही खडे कपाळाला लावले आणि ढिगावर टाकायला त्यांच्याकडं दिले.

भादव्यात काकू गेल्या.

पिकप आहे. शेंगा घेऊन दर आठवड्याला बार्शीला जाते. वाळूची आठ पोती तात्यांनी अजून काढू दिलेली नाहीत. तेवढा माल कमी बसतो म्हणून भाऊ कुरकुरतात. तात्या म्हणतात, "चाल बिघडंल." पुढची जागा मोकळीच असते. तात्या मागं निजून जातात.

हमाल आधी विचारायचे, आता विचारत नाहीत. शेंगांची पोती रचताना हौद्यात दोन माणसांची जागा सोडतात. तात्या त्यातल्या एका जागी उजव्या कुशीवर निजतात.