म्हातारखड्याची चढण आणि धाकटी आगगाडी

श्रीघाटदेवता समर्थ. शके अठराशें एकोणतीस, प्लवंगनाम संवत्सरीं, राज्यांत दीड हात अंतराच्या रुळांवर धाकटी आगगाडी डोंगरीं चढविली. इंजिन लहान, शिट्टी मात्र थोरल्या दरबाराची. मध्यें म्हातारखडा नामें खडी चढण, तेथें इंजिनास दम लागे, मग समस्तांनीं उतरोन गाडीबरोबर चालावें आणि माथां जाऊन पुन्हा बसावें, ऐसी वहिवाट पडली. नवरदेवही सुटला नाहीं. पुढें मोटारसडक जाहली आणि गाडी बंद पडली. रुळांवर गवत माजलें, बोगद्यांत शेरडें बसों लागलीं. मग जुना इंजिनवाला कोंडाजी ढेबे यास पुढें घालोन गांवकऱ्यांनीं रूळ मोकळे केले, आणि गंजलें इंजिन पुन्हा धुरास आणिलें. धन्य ते लोक. तेव्हां राज्याचे कारभारी साहेबांनीं फर्माविलें कीं, भरली गाडी माथां नेऊन दाखवावी. न साधलें तर रूळ उपटोन भंगारांत घालावे. कोंडाजीनें उभी हयात जी गाडी जपली, तिचा निवाडा एके चढणीवर आला.

नेमिले दिवशीं साहेब स्वतां गाडींत बसले. म्हातारखड्यास इंजिन धापा टाकों लागलें. आज कोणी उतरूं नये, ऐसें कोंडाजीनें सर्वांस बजाविलें होतें. परंतु अंगवळणी पडलेलें, एक उतरला, मग दुसरा, आणि पाहतां पाहतां गाडी रिकामी. कोंडाजीनें कपाळास हात लाविला. साहेब एकटेच बसोन राहिले. तों सोनाई नामें म्हातारी, डोईवर करवंदांची पाटी, खिडकीशीं येऊन म्हणाली, "उतरा की, साहेब. गाडीला दम लागलाय, न् तुमी बसून काय ऱ्हायलाय?"

साहेब ओशाळले आणि उतरले, आणि करवंदें खात चालूं लागले, आणि दरी पाहोन उभेच राहिले. मोटारींतून घाट कैक वेळां ओलांडिला, पाहिला तो आज. माथां कोंडाजी हात जोडोन बोलला कीं, गाडी रिकामी चढली, शर्त हरलों. साहेब म्हणाले, "शर्त मोडली खरी, पण उतरणारांत मीही होतों. रूळ राहूं द्या."

तेव्हांपासोन परमुलखाचे प्रवासी हौसेनें येतात. पुढें साहेबांनीं जबर ताकदीचें इंजिन पाठविलें. तें भरली गाडी सहज चढवितें. येणेंप्रमाणें गाडी वांचली. आणि म्हातारखडा येतां लोक अजून उतरतात, आणि तें जबर इंजिन त्यांजसाठीं सावकाश चालतें.