दोन सूत कमी

रविवारी सकाळी प्रथमेशने घावनाचा पहिला तुकडा तोडला आणि सासऱ्यांचा फोन आला. सासुरवाडीला, तळेकोंडात, रेंज फक्त देवळामागच्या कातळावर मिळते. त्यामुळे सासरे, म्हणजे रावजी, एकदा कातळावर चढले की चढल्याचं सार्थक झाल्याशिवाय खाली उतरत नाहीत, हे प्रथमेशला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्याने घावन बाजूला सारलं.

"जावईबापू, तुमचां ते ॲप बगितलां."

"कसं वाटलं, मामा?"

"चांगलां हाय. फोटो बिटो झ्याक दिसतात. फक्त आमची रेघ ल्हान हाय."

"कसली रेघ?"

"नावाखालची ओ. लाल. मुंबईकरांची बगा केवढी लांब काढलीत, आनि गावाची ही येवढीशी. वाडीत लोकं इचारतात. मी काय सांगू?"

ॲपची गोष्ट अशी, की तिकडच्या प्रत्येक वाडीप्रमाणे या वाडीलाही दोन मंडळं होती. एक गावातल्या लोकांचं, एक मुंबईतल्या चाकरमान्यांचं. देव दोघांचा एकच, पालखी एकच, पण शिमग्यात पालखी कोणाच्या घरी कधी जाणार हे मुंबईला नीट कळत नाही म्हणून दरवर्षी रुसवेफुगवे व्हायचे. गेल्या गणपतीत कोणाच्या तरी लक्षात आलं की रावजींचा जावई रत्नागिरीत मोबाईलची ॲपं बनवतो. झालं. जेवणाचं ताट पुढे असताना जावयाला नाही म्हणता येत नाही. प्रथमेशने बिचाऱ्याने कंपनीतून थकून आल्यावर, मांडवीच्या जेटीवरचा संध्याकाळचा फेरा सोडून ते ॲप तयार केलं. वर तीन नावं होती : 'गाव', 'मुंबईकर' आणि 'पालखी'. ज्या नावावर बोट लावाल ते पान उघडायचं आणि त्या नावाखाली लाल रेघ यायची. रेघ अक्षरांएवढी पडायची. 'गाव' छोटं, म्हणून रेघ छोटी. 'मुंबईकर' लांब, म्हणून रेघ लांब. प्रथमेशने ती मुद्दाम काढलीही नव्हती, ती आपोआप येत होती.

हे सगळं त्याने कातळावरच्या सासऱ्यांना समजावून सांगितलं.

"म्हंजे नाव ल्हान म्हनून मान ल्हान?" रावजी म्हणाले. "हां. सांगतो लोकांना तसां."

"नको, नको," प्रथमेश घाईने म्हणाला. "करतो मी सारखी."

काम तसं मोठं नव्हतं. त्याने रेघेची रुंदी अक्षरांपासून तोडली आणि नावाच्या सबंध चौकटीएवढी केली. तिन्ही चौकटी सारख्या, तिन्ही रेघा सारख्या. आपण फार शहाणपणाचं काम केलं असं वाटून तो त्या दिवशी दुपारी झोपलाही.

झोपेतून उठवलं मेहुण्याने. सर्वेश मुंबईच्या मंडळाचा सेक्रेटरी होता आणि सेक्रेटरीच्याच आवाजात बोलायचा.

"भावोजी, गावाची रेघ अचानक एवढी वाढली कशी? नाव केवढं, रेघ केवढी! लहान पोराला बापाचा शर्ट घातल्यासारखं दिसतंय."

"तुमची आहे तेवढीच त्यांची केलीय, सर्वेश."

"पण कमिटीत न विचारता? बाबांनी सांगितलं असणार. ठीक आहे, बाबा गावच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, आम्ही काय बोलणार!"

हे 'आम्ही काय बोलणार' म्हणजे पुष्कळ बोलण्याची सुरुवात आहे हे प्रथमेशच्या ध्यानात आलं. तरी त्याला वाटलं, एक समाधानी झाला, दुसरा दोन दिवसांत होईल.

पण समाधानी झालेला तसा फार दिवस राहिला नाही. मुंबईहून कोणी एक जण कामासाठी गावात आला. त्याचा फोन पाटासारखा रुंद होता. रावजींनी उमेदीची वर्षं लोकांच्या घरांची छपरं घालण्यात काढली होती. वासा नुसता बघून कुठे कमी पडतो ते सांगणारा माणूस. त्यांनी आपला जुना छोटा फोन आणि तो पाट शेजारी शेजारी ठेवला, खिशातून टेप काढली आणि दोन्हीकडची रेघ मोजली. मग ते कातळावर चढले.

"दोन सूत कमी हाय."

सूत म्हणजे सुताराच्या मापात इंचाचा आठवा भाग. प्रथमेशला हेही रावजींमुळेच माहीत झालं होतं.

"मामा, त्याचा फोनच मोठा आहे. मोठ्या फोनात सगळंच मोठं दिसणार."

"मोठा फोन मुंबईकराकडे, म्हनून मोठी रेघ मुंबईकराला. आनि गरिबाच्या फोनात ल्हान रेघ. हा न्याय कोनी काढलान?"

"कोणी काढला नाही हो! होतं ते तसं!"

"आम्ही छपराचां काम करताना घर ल्हान म्हनून खिळा ल्हान नाय मारला कधी," रावजी शांतपणे म्हणाले आणि त्यांची रेंज गेली.

प्रथमेशने डोकं धरलं. माणूस थकला की चुका करतो, तशी त्याने इथे चूक केली. कुठल्याही फोनात रेघ टेपने मोजली तरी एकाच लांबीची भरावी, अशी त्याने ती पक्की करून टाकली. रावजींच्या फोनात ती ऐसपैस दिसली. मुंबईच्या रुंद फोनांत मात्र चौकटीच्या मधोमध एक लाल काडी उरली. त्याच संध्याकाळी मुंबई मंडळाची तातडीची सभा भरली.

"भावोजी, ठराव झालाय," सर्वेशने कळवलं. "मुंबईची रेघ कापली. ती पूर्ववत होईपर्यंत मुंबई मंडळ यंदा पालखीला येणार नाही. मी सेक्रेटरी आहे, मला तर येताच येणार नाही."

आतापर्यंत रसिकाने, प्रथमेशच्या बायकोने, या प्रकरणात लक्ष घातलं नव्हतं. हे ऐकल्यावर ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"दादा गेल्या शिमग्यालाही आला नव्हता. यंदा पालखी आमच्या घरी वस्तीला आहे. किती वर्षांनी पाळी आलीय, आहे माहीत? आईने त्याच्यासाठी कुळीथ दळून ठेवलेत. तुमच्या रेघेपायी दादा आला नाही ना, तर मी काही बोलणार नाही तुम्हाला."

"आणि आई?"

"आईही नाही बोलणार. ती अशा वेळी गप्प बसते. तेच बघवत नाही."

प्रथमेशला खरंच वाईट वाटलं. सासूबाईंनी, शालनताईंनी, आजवर त्याला कधी कसलं काम सांगितलं नव्हतं. तो गेला की त्या फक्त भाकरी वाढायच्या आणि 'अजून एक' म्हणायच्या. त्यांच्या मुलाची वाट आपण एका लाल रेघेने अडवली, हा विचार काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी तो पहाटेच्या एसटीने तळेकोंडाला निघाला.

तिथे वाडीने तोवर तोडगा काढलेला होता. देवीला कौल लावायचा. उजवी कळी पडली तर गावाची रेघ मोठी, डावी पडली तर मुंबईची. सर्वेशनेही फोनवरून कळवलं होतं, देवीचा शब्द मुंबईला मान्य. काशीराम गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

"हे आई, मोबाईलच्या रेघेवरनं तुझ्या लेकरांत जो काय वाद झाला आसेल, तो मिटव, आनि खरां काय ता दाखव!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. प्रथमेशही म्हणाला, तो तर सगळ्यांत मनापासून.

कळी पडेना. लोक उभे राहून अवघडले, काही जण बसले. दोन्ही कळ्या जागच्या जागी. शेवटी काशीराम म्हणाला, "देवीला रेघ कसली, ता तरी कळाया नको? तिने कुठं बगितलेन मोबाईल?"

सगळ्यांनी प्रथमेशकडे पाहिलं. प्रथमेश हात धुऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेला आणि दोन्ही हातांनी फोन देवीसमोर धरला. एकदा 'गाव' दाबलं, एकदा 'मुंबईकर' दाबलं. शाळेत तोंडी परीक्षेलाही तो एवढा घाबरला नव्हता. तेवढ्यात स्क्रीन विझली. कळ्या तशाच.

"काय म्हनते देवी?" रावजींनी विचारलं.

"देवी म्हनते, मला ह्या भानगडीत घेव नका," काशीराम म्हणाला आणि त्याने कळ्या काढून ठेवल्या.

सगळे खालमानेने घरी आले. शालनताईंनी जेवायला वाढलं. त्या गप्पच होत्या. रसिकाने सांगितलं होतं ते खरं होतं, ते बघवत नव्हतं. कुळथाची पिठी वाढताना त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग पुन्हा पातेल्यात पाहिलं. प्रथमेशने मान खाली घालून पान संपवलं. जेवण झाल्यावर काहीतरी करायचं म्हणून तो म्हणाला, "मामा, बघू तुमचा फोन. गावाची रेघ तुमच्यात नेमकी कशी दिसते?"

रावजींनी फोन दिला. ॲपची एक खोड होती, शेवटी जे पान बघितलं असेल तेच ते पुन्हा उघडायचं. उघडलं ते 'मुंबईकर'. मंडळाच्या क्रिकेट सामन्याचा फोटो होता. बाकीचे दहा जण कडेला गेले होते, कारण फोटो ओढून ओढून मोठा केलेला होता. पडदाभर नुसता सर्वेश होता.

"ह्यांच्या मोबाईलात कायम मुंबईच उघडी आसते," शालनताई पहिल्यांदा बोलल्या. "सकाळी कातळावर जातात, ता ह्याच्यासाठी. म्हनतात, पोरगा बारीक झालाय."

"झालाच हाय," रावजी म्हणाले.

"मामा," प्रथमेश सावकाश म्हणाला, "गावाचं पान तुम्ही बघता कधी?"

"गाव काय बगायचा? दारात तर हाय."

प्रथमेश उठला. "चला, कातळावर जाऊ."

भर उन्हात सासरा आणि जावई कातळावर चढले. प्रथमेशने सर्वेशला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"सर्वेश, तुझं ॲप उघड. पहिलं काय येतं?"

"गाव," सर्वेश म्हणाला. "का?"

"मुंबईकर का नाही?"

"मुंबई काय बघायची, भावोजी? खिडकी उघडली की मुंबईच. बरं, ते राहू दे. परवा कोणीतरी आपल्या गाईच्या पाडीचा फोटो टाकलाय. कडेला बाबांचा पाय दिसतोय. पायाला पट्टी कसली आहे?"

प्रथमेशने रावजींच्या पायाकडे पाहिलं. पट्टी होती. आल्यापासून त्याच्या लक्षात आली नव्हती, आणि मुंबईत बसलेल्याला ती दिसली होती.

"कोयता लागला," रावजी फोनच्या दिशेने म्हणाले. "बरां हाय आता."



"बाबा आहेत होय तिथे?"

"हाय. तुजी आई इचारते, येतंस ना?"

"मंडळाचं काय ते ठरू दे, मग..."

"मंडळाचां ऱ्हांवदे. तू येतंस का?"

"येतो," सर्वेश म्हणाला. सेक्रेटरीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

सेक्रेटरीच निघाला म्हटल्यावर मंडळही निघालं. प्रथमेशने त्या रात्री सगळे बदल काढून टाकले. रेघ पहिल्या दिवशी होती तशी, अक्षरांएवढी करून ठेवली. पालखी रावजींच्या ओटीवर वस्तीला आली तेव्हा बाप आणि मुलगा दोघेही गुलालाने माखलेले होते. पालखी नाचवून सर्वेशचा खांदा सोलवटला होता आणि शालनताई त्याला भाकरी वाढत 'अजून एक' म्हणत होत्या. रावजींनी मधेच चष्मा लावून फोन पाहिला.

"आता कशी बरोबर झाली रेघ!" ते म्हणाले.

"मग? मी कधीपासून हेच सांगत होतो," सर्वेश म्हणाला.

प्रथमेशच्या अंगात वाद घालायचीही ताकद नव्हती. पडवीत घोंगडी टाकून तो ढोलांच्या आवाजातही गाढ झोपला, आणि ते पाच दिवस ॲपकडे कोणी फिरकलं नाही.

शिमगा झाला, चाकरमानी परतले. रविवारी सकाळी प्रथमेशने घावनाचा पहिला तुकडा तोडला आणि फोन वाजला.

"जावईबापू, रागावनार नाय ना? रेघेचां जरा बोलायचां होतां."

प्रथमेशने तुकडा खाली ठेवला. "बोला, मामा."

"सर्वेश पोचला. फोटो टाकलान." कातळावरचा वारा फोनात घोंगावत होता. "ती मुंबईची रेघ हाय ना, ती ल्हान वाटते ओ. चटकन सापडत नाय. दोन सूत वाढवा."

"आणि गावाची?"

"गावाची ऱ्हांवदे. गाव कुठं जातंय?"

प्रथमेशने लॅपटॉप उघडला. रसिकाने स्वयंपाकघरातून विचारलं, घावन गार होतंय, आता पुन्हा कोणाची रेघ कमी पडली? त्याने आधी रेघ दोन सूत वाढवली, मग गार घावन खाल्लं.