उणे चार तासांच्या मोहिमेची हकीगत

राजमान्य राजेश्री वाचकांचे चरणी विज्ञापना ऐसी की, औषध-चाचणीच्या कचेरीत जो संग्राम जाहला तो जैसा पाहिला तैसा लिहिला. कोठे मीठमसाला अधिक पडला असल्यास पदरात घ्यावे.

बारा धडधाकट असामींनी नव्या दवेची एकेक गोळी घेतली, आणि सिस्टरबाईंनी ठरल्या वेळी प्रत्येकाचे आठदा रक्त काढिले, आणि रक्तात दवा किती त्याचे आकडे कचेरीत दाखल जाहले. मग साहेबांचे फर्मान सुटले की, निम्मी दवा किती तासांत अंगातून उतरते ते काढावे, आणि उद्यापासून गोळी किती तासांनी द्यावी त्याचा निवाडा पाचाच्या आत करावा. तक्तेवाल्या बाई एक्सेल उघडून मोर्चेबंदीस बसल्या. मागील मोहिमेचा तक्ताच चालवावा, नवी उठाठेव नको, ऐसाही हुकूम होता; सबब वरल्या चार ओळींवरच चालणाऱ्या जुन्या सूत्रात नवे आकडे भरले, आणि कळ दाबिली, आणि उत्तर आले, उणे चार तास. म्हणजे गोळी गिळण्याआधीच निम्मी दवा पसार.

साहेबांनी चष्मा पुसिला, आणि मग उणे चिन्हही पुसावे, गोळी दर चार तासांनी द्यावी, ऐसे फर्माविले. फळ्यावर चारचा आकडा चढलाही. बाईंचे धाबे दणाणले. दवा अंगात साचत जाऊन बारा जिवांशी खेळ होईल हे दिसत होते, परंतु चूक कोठे दबा धरून बसली ते कळेना.

इतक्यात सिस्टरबाई नळ्यांची यादी घेऊन आल्या, आणि तक्ता न्याहाळून बोलिल्या, "अहो, मागच्या वेळी शिरेत इंजेक्शन होतं, ते पहिल्यापासून उतरतच जातं. ही गोळी आहे. आधी चढणार, मग उतरणार. तुम्ही चढणंच मोजताय."

तत्क्षणी बाईंनी वरल्या चार चढत्या ओळी बडतर्फ केल्या, आणि खालच्या चार उतरत्या ओळींवर सूत्र घातले, आणि अकरा तास हाती आले. साहेबांनी आपल्याही मनी हेच होते ऐसे जाहीर करून पाचास दहा मिनिटे कमी असता सही ठोकली, आणि अकराचा हिशेब दिवसातून दोन वेळांस जुळवून फळ्यावर चार पुसून बारा लिहिले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. अहवालात साहेबांचे नाव शिरोभागी, बाईंचे तळटीपेत, आणि सिस्टरबाईंचे कोठेच नाही. त्या तेव्हा बारा असामींना गोळीची वेळ समजावीत होत्या. पुढे बाराच्या बारा आपल्या पायांनी घरी गेले, हे दफ्तरी नमूद असावे.