पडद्यावरील मान्यवर

कारभाराला चेहरा असावा लागतो, हे सर्वमान्य आहे. एका कारभाराला किती चेहरे असावेत, याबद्दल मात्र शास्त्र गप्प आहे. नेकनूरपासून पाऊण तासावरच्या एका ग्रामपंचायतीने तो आकडा सदतीस असा निश्चित केला आणि ते सगळे एकोणीस इंची संगणकाच्या पडद्यावर बसवून दाखवले. मोहिनीला ते आता तोंडपाठ झाले होते, कारण वडिलांच्या मृत्यूचा दाखला मागायला ती पाचव्यांदा त्यांच्यासमोर बसली होती.

पूर्वी त्या पडद्यावर परदेशातली एक हिरवी टेकडी होती. सरपंच विजयमालाबाईंचे यजमान विजयसिंह (कारभार तेच बघत, बाईंकडे सही होती, तीही आता यजमानांना छान जमू लागली होती) एकदा म्हणाले, "ही टेकडी आपल्या गावची न्हाई. मग हिचा फोटो कावून?" लगेच त्यांच्याच वाढदिवसाच्या फ्लेक्सची फाइल मागवण्यात आली आणि तीच वॉलपेपर म्हणून लावण्यात आली. मधोमध फेटा बांधलेले विजयसिंह, बाजूंना ज्येष्ठ, त्याखाली गोलागोलात सदस्य आणि तळाला गॉगल लावलेले अकरा शुभेच्छुक.

पहिल्याच दिवशी कचऱ्याच्या डब्याचा आयकॉन उपसरपंचांच्या नाकावर आला. ते सभेतून उठून गेले. डबा सरकवला, तेव्हा तो तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांच्या तोंडावर बसला आणि गावात दोन वर्षांनी पहिला तंटा झाला. मोजणीअंती पडद्याचा फक्त चार टक्के भाग चेहराविरहित आढळला, आणि त्यात केक होता. सबब तातडीच्या सभेत ठरलं की, कोणताही आयकॉन कोणाच्याही चेहऱ्यावर, फेट्यावर अथवा नावावर ठेवू नये. ते कुठे ठेवावेत, हे ठरवेपर्यंत सगळे लपवावेत. खालची पट्टी शुभेच्छुकांना झाकते, म्हणून तीही लपवावी. शिवाय वडीलधाऱ्यांवर बाण रोखणं बरं दिसत नाही, तेव्हा माउसच्या बाणाऐवजी गुलाबाचं फूल ठेवावं. (फूल सुरेख होतं. त्याची नेमकी कोणती पाकळी काम करते, हे शोधायला नऊ दिवस लागले.)

पडदा इतका देखणा झाला की शेजारच्या दोन गावांचे लोक बघून गेले. तक्रारी शून्यावर आल्या. तक्रारींची नोंदवही संगणकातच होती.

"ताई, संगणक चालू हाय," परिचालक प्रविण म्हणाला. "काम तेवढं बंद हाय."

"दोन मिनिटं आयकॉन दाखवा, दाखला काढा, परत लपवा."

"मागं दाखवले व्हते. तेवढ्यात उपसरपंच आले."

मोहिनीचे वडील उत्तरेश्वर, गावाचे तात्या, पोस्टमन होते. चाळीस दिवसांपूर्वी गेले. पण रेशनकार्डावर, बँकेत आणि मतदारयादीत ते ठणठणीत होते. नव्हते ते फक्त घरी. आईला ही तफावत रोज कुणी ना कुणी समजावून सांगायला लावत होतं. मोहिनीची रजा सोमवारी संपत होती.

इतक्यात विजयसिंह आले. "तात्यांबद्दल आमाला लई आदर हाय, ताई," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "फोटो पाठवा. त्यांना पण घेऊ पडद्यावर. भावपूर्ण श्रद्धांजली."

"मला दाखला हवाय, भाऊ."

"दाखला काय, मिळंलच की. आधी मान तर घ्या."

उत्तरेश्वरांनी आयुष्यात कुठल्या फ्लेक्सवर फोटो दिला नव्हता. मोहिनीने ओळखपत्रावरचा पाठवला. वरचं बटण लावलेला, समोर बघणारा. केक काढून तिथे तो बसवण्यात आला. प्रविणने त्या फोटोवरून गुलाब फिरवून पाहिला. मग चाचरत म्हणाला, "भाऊ, एक बोलू? सदतीस जण नाराज हुतेत. तात्या काय नाराज हुणार न्हाईत."

विजयसिंहांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "एवढे दिवस कुठं ठेवलतं बे हे डोकं?" मग मोहिनीकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "तात्यांनी कधी कुणाला न्हाई म्हणलंय का, ताई?"

म्हटलं नव्हतं. मोहिनीला ते माहीत होतं, आणि आपण तरी नाही म्हणावं, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. सोमवार आठवला. आई आठवली.

"कपाळ मोठं होतं त्यांचं," ती म्हणाली. "बसेल."

चौदा आयकॉन उत्तरेश्वरांवर बसले. डावा गाल घरपट्टीला गेला, उजवा पाणीपट्टीला. कचऱ्याचा डबा हनुवटीवर आला आणि जन्ममृत्यू नोंदणी कपाळावर. प्रविणने गुलाब कपाळापर्यंत नेला, दोनदा टिचकी मारली. चार मिनिटांत दाखला हातात आला. त्यात एकही चूक नव्हती, ही नोंद इथे घेणं भाग आहे.

ग्रामपंचायतीचं काम तेव्हापासून सुरळीत चालू आहे.

वाचकांना हा प्रकार अशोभनीय वाटला असणार. त्यांनी कृपया आपला फोन उघडून पाहावा. मोठ्या मायेने तिथे कुणाचा तरी फोटो लावलेला असेल. त्या माणसाच्या डोळ्यावर सध्या कोणतं अॅप आहे, ते वाचावं. हलवायचं असल्यास बोटाने दाबून धरायचं असतं. वर्षानुवर्षं आपण नुसती टिचकी मारत आलो आहोत.